आठ इंचांची नम्रता

आमच्या मिशन दवाखान्याचे जुने अधीक्षक शिव्या देत नसत, कारण ते धर्मात बसत नव्हतं. पण 'गाढवा' हा एकच शब्द ते अशा काही आवाजात उच्चारत, की टेबलावर भूल दिलेला रोगीसुद्धा पापण्या हलवी. त्यांची खुर्ची चामड्याची, फिरती आणि चांगली उंच होती. तिच्यात बसले की ते शिक्षा सुनवायला आलेल्या न्यायाधीशासारखे दिसत. एकदा त्यांनी मेट्रनच्या दिशेनं शाईची बाटली भिरकावली होती. लागली नाही. दुसऱ्या दिवशी स्वतः बादली घेऊन त्यांनी भिंत पुसली, आणि पुसता पुसता भिंतीवरही ओरडले.

ते निवृत्त झाले आणि नवे अधीक्षक आले.

नवे म्हणजे साक्षात लोणी. आवाज इतका हळू, की त्यांचं बोलणं ऐकायला समोरच्याला कमरेतून वाकावं लागे. महिनाभरात सगळा दवाखाना वाकून चालायला लागला. 'करा' हा शब्द त्यांच्या तोंडी कधी आला नाही. ते म्हणायचे, "जमलं तर बघा." जुन्या साहेबांनी 'आत्ताच्या आत्ता' सांगितलेलं काम आम्ही दोन दिवसांनी करत असू. नव्या साहेबांचं 'जमलं तर बघा' ऐकलं की जेवण टाकून धावत असू.

पहिल्याच दिवशी त्यांनी ती चामड्याची खुर्ची पाहिली आणि त्यांचे डोळे पाणावले. एवढ्या उंचावरून मला माझी माणसं दिसणार कशी, असं ते म्हणाले. खुर्ची अडगळीच्या खोलीत गेली, आणि प्लास्टर घालायच्या खोलीतलं एक तीनपायी स्टूल आलं. उंची चौदा इंच. मेजवानीला गेल्यावर मानाची जागा धरू नये, सगळ्यात खालच्या जागी जाऊन बसावं, हा प्रभूचा उपदेश आम्ही सगळ्यांनी लहानपणापासून ऐकलेला. पण कुणी फर्निचरसकट पाळलेला पाहिला नव्हता. मेट्रनला हुंदका आला. उपअधीक्षकांनी 'शांतता राखा' या पाटीखाली उभं राहून टाळ्या वाजवल्या. या उपअधीक्षकांना आम्ही होयबा म्हणत असू. त्यांच्या समोर नव्हे, अर्थात. पण समोर म्हटलं असतं तरी ते 'हो' म्हणाले असते.

नव्या साहेबांचा दुसरा मोठा गुण म्हणजे प्रार्थना. आमच्याकडे रोज सकाळी साडेसातला काम सुरू होण्याआधी प्रार्थनेच्या मोठ्या दालनात दहा मिनिटं प्रार्थना होते. जुने साहेब ती दोन मिनिटांत उरकायचे: रोग्यांसाठी, नोकरांसाठी आणि पाणी तापवायच्या बॉयलरसाठी. बॉयलरला तिची खरी गरज होती. नवे साहेब एकेका माणसासाठी प्रार्थना करू लागले. पहिल्यांदा त्यांनी रुग्णवाहिकेच्या चालकासाठी केली. हे प्रभो, आमच्या या बंधूला नव्या वाटांचं धैर्य दे, असं फार गोड शब्दांत. महिन्याच्या आत चालकाची बदली झाली, ती जिथं बस संपते तिथून पुढं दोन तास चालत जायच्या गावी. मग औषधवाल्याचं मन हलकं करण्याविषयी विनंती झाली. त्यानं प्रकृतीच्या कारणास्तव राजीनामा दिला. प्रकृती ठणठणीत होती. तिसऱ्या वेळेपासून आम्ही एक डोळा मिटून प्रार्थना करू लागलो. घरी गेल्यावर बायको पाणी द्यायच्या आधी विचारायची, आज कुणासाठी झाली?

खरं सांगायचं तर साहेबांनी कधी कुणालाही कामावरून काढलं नाही. ते फक्त प्रार्थना करत. पुढचं देव बघे, आणि टायपिंग होयबा करी.

आता त्या स्टुलाचं ऐका. सोमवारच्या बैठकीत एक अडचण आली. साहेब चौदा इंचांवर, आणि बाकीचे आपापल्या रोजच्या खुर्च्यांवर. त्यामुळे सगळ्यांना साहेबांचं टक्कल वरून दिसू लागलं. वरिष्ठांचं टक्कल वरून बघणं ही काही बरी गोष्ट नाही. होयबा हळूच खुर्चीवरून घसरले आणि गुडघ्यांवर आले. मंगळवारी त्यांनी आमच्या सुताराला बोलावून खुर्चीचे पाय कापून घेतले. आता ते तेरा इंचांवर. बुधवारी मेट्रन बारावर. हे कळल्यावर होयबा दहावर गेले. आपल्या हाताखाली आपल्याहून नम्र माणूस असावा हे साहेबांना खटकलं असेल असं मी म्हणत नाही. पण शुक्रवारी ते स्वतः आठवर उतरले. शनिवारी परिपत्रक निघालं. 'आसनाची उंची जमिनीपासून आठ इंचांहून अधिक असू नये. आठ इंचांहून कमी उंचीवर बसणे हा अहंकार समजला जाईल.' खाली सही, 'आपला सेवक'.

सुताराची करवत तीन आठवडे थांबली नाही. दवाखान्यातल्या झाडून सगळ्या खुर्च्या बुटक्या झाल्या. टेबलं मात्र होती तेवढीच राहिली, त्यामुळे डॉक्टर नाकासमोर कागद धरून लिहू लागले. बाहेरून आलेल्या माणसाला सगळ्या खोल्या रिकाम्या वाटायच्या. तो 'कुणी आहे का' असं विचारायचा, आणि टेबलामागून एक हात वर यायचा.

या सगळ्या धामधुमीत एक खुर्ची राहून गेली. ती खिडकीकाकूंची.

खिडकीकाकू म्हणजे केसपेपर लिहिणाऱ्या. एकोणतीस वर्षं त्या एकाच खिडकीत बसल्या होत्या. व्हरांडा खोलीपेक्षा दोन पायऱ्या खाली, म्हणून बाहेरून खिडकी उंच. तिचा कट्टा आतल्या जमिनीपासून साडेतीन फुटांवर. त्या कट्ट्यावरून काकू बाहेरच्या रांगेकडे बघायच्या आणि कुणाला आधी आत घ्यायचं ते नुसतं तोंड बघून ठरवायच्या. रांगेत सतराव्या नंबरवर निमूट उभ्या असलेल्या एका बाईला त्यांनी एकदा हाताला धरून पुढं आणवलं होतं. डॉक्टर म्हणाले, अर्धा तास उशीर झाला असता तर बाळ आणि आई दोघंही गेली असती. काकू म्हणाल्या, "ती काहीच कुरकुरत नव्हती. रांगेत न कुरकुरणारं माणूस बरं नसतं."

काकूंचे दोन्ही गुडघे कामातून गेलेले. ते वाकेनात तेव्हा जुन्या साहेबांनी सुताराला बोलावलं, आणि स्वतः जमिनीवर गुडघे टेकून पट्टीनं काकूंच्या गुडघ्यापासून टाचेपर्यंतचं माप घेतलं. घेताना पूर्ण वेळ ओरडत होते. पट्टी वाकडी आहे, सुतार गाढव आहे, काकूंनी पाय हलवू नये. त्या मापानं अठ्ठावीस इंच उंचीची, पाय टेकवायला फळी असलेली खुर्ची झाली. साहेब जमिनीवर बसले होते याची त्या वेळी कुणी दखल घेतली नाही. त्यांनीही घेतली नसावी, कारण उठल्यावर त्यांच्या विजारीला धूळ तशीच होती.

हा सुतार म्हणजे काकूंचा सख्खा धाकटा भाऊ. तीन आठवडे तो करवत घेऊन सगळा दवाखाना हिंडला आणि खिडकीच्या खोलीपुढून जाताना दर वेळी त्याला काहीतरी आठवून तो उलटा फिरला.

पण एक दिवस साहेब व्हरांड्यातून चालले होते. खिडकीपाशी थबकले आणि त्यांनी मान वर केली. वरून काकू त्यांच्याकडे बघत होत्या. साहेब हसले. त्यांच्या हसण्यानं रांगेतली लहान मुलंसुद्धा गप्प झाली.

"किती उंच बसता, काकू," ते हळूच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी साडेसातला प्रार्थना झाली. ज्या आमच्या भगिनीला उंची सोडवत नाही तिला खाली येण्याची कृपा दे. सगळ्या दालनानं 'आमेन' म्हटलं, आणि म्हणता म्हणता प्रत्येक जण काकूंपासून अर्धा फूट सरकला.

काकूंच्या निवृत्तीला अकरा महिने उरले होते. तीस वर्षं पुरी भरली तर पेन्शन. एक दिवस कमी पडला तर पुष्पगुच्छ. हिशेब सोपा होता. आठ इंचांच्या आसनावर काकू बसल्या तर दोन माणसांनी उचलल्याशिवाय उठणार नाहीत, आणि बसल्याच तर कट्ट्यावरून बाहेरचं काही दिसणार नाही. म्हणजे त्या आपणहून जातील. कुणी त्यांना काढायला नको. होयबांनी काकूंचा राजीनामा टाईप करून ठेवला होता. फक्त तारीख भरायची होती.

त्या दुपारी सुताराला बोलावणं आलं. संध्याकाळी काकू काम संपवून त्याच्या कारखान्यात गेल्या, तर तो रंध्याच्या पात्याला धार लावत बसला होता. काहीही कापायचं नसताना तो धार लावायला बसला की त्याचं बिनसलंय हे काकूंना तो सहा वर्षांचा असल्यापासून माहीत होतं.

"सांगितलं का तुला?" त्यांनी विचारलं.

"सांगितलं. वीस इंच कापायचे, ताई. आठ ठेवायचे."

"कसं सांगितलं?"

"हात जोडून. डोळ्यांत पाणी आणून. वर म्हणाले, प्रभू येशूही सुतारच, तुमच्याच धंद्यातले होते."

"मग तू काय म्हणालास?"

"म्हटलं, त्यांनी एकदा मंदिरातल्या सराफांची टेबलं उलटी केल्याचं ऐकलंय. खुर्च्यांचे पाय कापल्याचं नाही ऐकलं."

"असं म्हणालास?" काकूंनी भुवया वर केल्या.

"मनात."

काकू फळ्यांच्या ढिगाला टेकून उभ्या राहिल्या. बसल्या नाहीत, कारण त्या कारखान्यात बसण्यासारखं आठ इंचांच्या वर काही उरलं नव्हतं. त्यांनी त्याला स्पष्टच सांगितलं, की नाही म्हणशील तर उद्या तुझ्यासाठी प्रार्थना होईल, तुझ्या दोन पोरी अजून शाळेत आहेत, तेव्हा मुकाट्यानं काप. मी माझं बघीन.

"काय बघशील? डोंबल?"

"मोठ्या बहिणीशी असं बोलतात?"

"मोठी बहीण असं बोलते तेव्हा बोलतात," सुतार म्हणाला. मग त्यानं परिपत्रकाचा कागद खिशातून काढला, चष्मा नाकावर चढवला आणि बराच वेळ वाचला. सुतार माणूस कागद मापासाठी वाचतो, भावार्थासाठी नाही. तिसऱ्यांदा वाचून झाल्यावर त्यानं कागदावर नखानं एक रेघ मारली.

"ताई, यात आसन किती उंच ते लिहिलंय. जमीन किती उंच ते कुठं लिहिलेलं नाही."

शनिवारी अर्ध्या दिवसाची सुटी होती. रविवारी उपासना झाल्यावर सुतार घरी जेवायला गेला नाही. सोमवारी सकाळी होयबांच्या टेबलावर लाकडाचे चार तुकडे रांगेनं मांडलेले होते, प्रत्येक वीस इंचांचा. काकूंच्या खुर्चीचे पाय. होयबांनी ते मोजले, समाधानानं मान हलवली आणि राजीनाम्याची तारीख भरायला पेन उघडलं. तेवढ्यात कुणीतरी येऊन सांगितलं, की खिडकी चालू आहे. काकू बसल्यात. दिसताहेत.

साहेब स्वतः बघायला आले. मागे होयबा, त्यांच्या मागे मेट्रन, आणि हातातलं काम टाकून आम्ही.

खिडकीच्या खोलीत भिंतीपासून भिंतीपर्यंत नवी लाकडी जमीन झाली होती. जुन्या जमिनीपेक्षा बरोबर वीस इंच वर. चढायला तीन बुटक्या पायऱ्या, धरायला कठडा. खिडकीसमोर त्या जमिनीत एक चौकोनी खड्डा सोडलेला, आणि खड्ड्यात पाय टेकवायला जुनीच फळी. खड्ड्याच्या काठावर काकूंची पाय कापलेली खुर्ची, आणि खुर्चीवर काकू पाय खाली सोडून, आदल्या आठवड्यात होत्या त्याच उंचीवर, केसपेपर लिहीत. कुठं काही बदललं नव्हतं. फक्त पृथ्वी वर आली होती.

साहेबांनी होयबांकडे पाहिलं. होयबा पायऱ्या चढले, ओणवे झाले आणि त्यांनी पट्टी लावली.

"आठ," ते म्हणाले. नंतर पट्टी उलटी करून दुसऱ्या बाजूनं लावली. "आठच आहेत, साहेब."

बाहेर रांगेतलं एक मूल खोकलं. काकूंनी तिकडे नजर टाकली, कुणाचं आहे ते बघून घेतलं, आणि मग साहेबांकडे वळल्या.

"काकू," साहेब म्हणाले, "पण तुम्ही अजून…"

"अजून काय, साहेब?"

साहेबांचं वाक्य तिथंच अडकलं. ते पुरं करायचं तर 'माझ्याहून वर' असं म्हणावं लागलं असतं, आणि नम्र माणसाला हे दोन शब्द घशातून बाहेर काढता येत नाहीत. जुने साहेब असते तर 'गाढवांनो' म्हणून मोकळे झाले असते आणि दुपारी हसले असते. या साहेबांना ओरडण्याची सोय नव्हती. त्यांच्या कानाच्या पाळ्या तेवढ्या लाल झाल्या.

"कमी करायची का?" काकूंनी फार मऊ आवाजात विचारलं. "पण आठच्या खाली अहंकार होतो म्हणे."

आम्हाला ते ऐकायला वाकावं लागलं. साहेबांनाही लागलं.

राजीनामा होयबांच्या खणात तसाच राहिला. काकूंसाठी आणखी दोन वेळा प्रार्थना झाली, पण देवाला पट्टी दाखवली गेली असावी. त्यानं काही मनावर घेतलं नाही.

पुढं दोन महिन्यांनी विश्वस्त मंडळ भेटीला आलं. पाच धिप्पाड विश्वस्त आणि मध्ये आठ इंचांवर साहेब, असा एक फोटो काढला गेला आणि मिशनच्या मासिकात 'नम्रतेचा आदर्श' या लेखाबरोबर छापून आला. फोटोत दहा गुडघे होते आणि खाली मधोमध एक टक्कल. साहेबांनी तो अंक बराच वेळ न्याहाळला. दुसऱ्या दिवशी सुताराला बोलावणं गेलं. काकूंच्या खोलीतली ती व्यवस्था फार आध्यात्मिक आहे, असं साहेब म्हणाले. जमलं तर माझ्या खोलीतही बघा.

"किती इंच?" सुतारानं विचारलं.

साहेबांनी डोळे मिटले. "छत्तीस झाले तर," ते म्हणाले, "दाराशी उभ्या असलेल्या शेवटच्या माणसापर्यंत माझी नजर पोचेल."

सुतारानं सागवान वापरलं. सात पायऱ्या, दोन्ही बाजूंना कठडा, पाय सोडायला खड्डा. वर तेच आठ इंची स्टूल, प्लास्टरच्या खोलीतलं, सगळ्यांनी ओळखावं म्हणून पॉलिशसुद्धा न केलेलं. आता कुणी आत गेलं की मान वर करून बघायचं, आणि वरून तो लोण्यासारखा आवाज झिरपत खाली यायचा. पूर्वी वाकून ऐकू यायचं. आता टाचा उंचावाव्या लागत. जुन्या साहेबांच्या चामड्याच्या खुर्चीपेक्षा ही बैठक बरीच वर होती. पण ती आठ इंचांची आहे याबद्दल दुमत नव्हतं. होयबा दर सोमवारी मोजत.

असे करता करता ते अकरा महिने सरले आणि काकूंचा शेवटचा दिवस आला.

आमच्याकडे जुना रिवाज आहे. जो निवृत्त होतो तो त्या सकाळची प्रार्थना चालवतो. बहुतेक जण दोन वाक्यं बोलतात, नाक शिंकरतात आणि खाली बसतात. काकू प्रार्थनेच्या दालनातल्या, कठडा नसलेल्या व्यासपीठापाशी काठी टेकत गेल्या, जमिनीवरच उभ्या राहिल्या आणि त्यांनी डोळे मिटले. रोग्यांसाठी मागितलं. नोकरांसाठी मागितलं. बॉयलरसाठीही मागितलं, बरेच महिने त्याचं कुणी नाव घेतलं नव्हतं. मग त्यांनी आवाज आणखी खाली आणला.

"आणि प्रभो," त्या म्हणाल्या, "आमच्या अधीक्षकांसाठी. त्यांना नव्या वाटांचं धैर्य दे. त्यांचं मन हलकं कर."

दालनातले सगळे मिटलेले डोळे एकदम उघडले. पहिला 'आमेन' होयबांनी म्हटला. अगदी सवयीनं. आणि मग ते, पुन्हा सवयीनंच, साहेबांपासून अर्धा फूट बाजूला सरकले.

प्रार्थनेनंतर साहेब काकूंपाशी आले. चेहऱ्यावर हसू होतं, पण ते नीट बसलेलं नव्हतं.

"माझ्यासाठी कशाला, काकू?" त्यांनी विचारलं. एवढ्या मोठ्या आवाजात ते आमच्याकडे पहिल्यांदाच बोलले. मागच्या रांगेतही ऐकू गेलं.

"तुम्ही सगळ्यांसाठी करता, साहेब," काकू म्हणाल्या. "तुमच्यासाठी कुणी करायची?"

दुपारी काकूंनी शेवटचा केसपेपर लिहिला, पेन कट्ट्यावर ठेवलं आणि तीन पायऱ्या उतरल्या. सुतार त्यांची पिशवी धरून दाराशी उभा होता. जाताना दोघांनी अधीक्षकांच्या खोलीच्या उघड्या दारातून आत पाहिलं. साहेब जेवायला गेले होते. होयबा सागवानी जमिनीवर ओणवे होऊन पट्टी लावत होते. दिवस सोमवार नव्हता, आणि मापही स्टुलाचं चाललं नव्हतं. ते खड्ड्याचं होतं.

सुताराला बघून होयबा उठले आणि कपडे झटकत जवळ आले. काहीतरी बोलले. ऐकायला सुताराला वाकावं लागलं.

"काय म्हणाले रे?" फाटकाबाहेर आल्यावर काकूंनी विचारलं.

"म्हणाले, त्यांचे स्वतःचे पाय साहेबांपेक्षा आखूड आहेत," सुतार म्हणाला. "जमलं तर खड्डा दोन इंच भरून दे."